नावाचे ऋण आणि नावाची मिळकत : दुर्गा खोटे यांचे जीवन व आत्मकथन

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांची परंपरा रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथांपासून सिद्ध झालेली आहे. या परंपरेत १९७० नंतर एक नवा प्रवाह येऊन मिळाला. तो चित्रपटात काम केलेल्या स्त्रियांच्या आत्मकथनांचा. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), स्नेहप्रभा प्रधान यांचे ‘स्नेहांकिता’, लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’ (१९८१), शांता हुबळीकर यांचे ‘कशाला उद्याची बात’ आणि दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) ही या प्रवाहातील ठळक पुस्तके होत. त्यांपैकी ‘सांगत्ये ऐका’ या पुस्तकाची चर्चा मराठी समीक्षेत विपुल झाली. दुर्गाबाईंच्या पुस्तकाच्या वाट्याला मात्र आदर अधिक आणि अभ्यास कमी, असे काहीसे घडले. ते एका घरंदाज, कर्तृत्ववान स्त्रीचे संयत निवेदन आहे, एवढे म्हणून समीक्षक पुढे गेले. परंतु हा घरंदाजपणा म्हणजे नेमके काय, तो दुर्गाबाईंना किती उपयोगी पडला आणि त्याची किंमत त्यांना कशी मोजावी लागली, हा प्रश्न त्यांच्या जीवनाच्या आणि आत्मकथनाच्या आकलनासाठी मध्यवर्ती ठरतो.

या प्रश्नाचे सूत्र पुस्तकाच्या शीर्षकातच आहे. प्रतिज्ञापत्राच्या आरंभी यावे तसे हे ‘मी’ आणि त्यापुढे लागलीच येणारे पूर्ण नाव. हे नाव कोणाचे, ते कोणी दिले आणि ते स्वतःचे केव्हा झाले, याचीच कथा म्हणून दुर्गाबाईंचे आयुष्य वाचता येते.

१. दोन घराण्यांची नावे

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर होते. आईचे नाव मंजुळाबाई. कुटुंब मूळचे गोव्याकडील, त्यामुळे घरात कोकणी बोलली जाई. गिरगावातील कांदेवाडीच्या एकत्र कुटुंबात त्यांचे बालपण गेले. शालेय शिक्षण कॅथीड्रल हायस्कूलमध्ये इंग्रजीतून झाले आणि पुढे त्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दाखल झाल्या. घरची भाषा कोकणी, शिक्षणाची इंग्रजी, आणि जिच्यात कीर्ती मिळाली व जिच्यात शेवटी आत्मचरित्र लिहिले ती मराठी; हा भाषिक प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांचे मराठी गद्य काहीसे औपचारिक आणि भावनेला आवर घालणारे का वाटते, याचे एक कारण या जडणघडणीत शोधता येईल.

पदवी पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. विश्वनाथराव बनारस हिंदू विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले होते. खोटे कुटुंब मुंबईतील सधन आणि प्रतिष्ठित म्हणून ओळखले जाई. बकुल आणि हरीन असे दोन मुलगे झाले. येथपर्यंतचे आयुष्य त्या काळातील उच्च मध्यमवर्गीय मुलीचे जसे असावे तसेच होते. परंतु सासरच्या कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली आणि मोठ्या घरात अचानक चणचण निर्माण झाली. विश्वनाथरावांचेही पुढे अकाली निधन झाले. दोन मुलांना वाढविण्याचा भार सुशिक्षित, परंतु कमाईची सवय नसलेल्या या तरुणीवर येऊन पडला. आरंभी त्यांनी शिकवण्या केल्या.

आत्मकथनात हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. चित्रपटात येण्यामागे कलेची ओढ होती, असा आव दुर्गाबाई आणत नाहीत. पैशाची गरज होती आणि काम मिळाले, म्हणून त्या या व्यवसायात आल्या. पुढे त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी या प्रवेशाला समाजसुधारणेचे उदात्त रूप दिले. स्वतः लेखिकेने मात्र तो अर्थार्जनाच्या साध्या पातळीवरच ठेवला आहे. प्रस्तुत पुस्तकाच्या प्रामाणिकपणाचा हा पहिला पुरावा होय.

२. बदनामी आणि तिचे स्वरूप

मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात त्यांनी पहिली भूमिका केली. मूकपटाकडून बोलपटाकडे होणाऱ्या संक्रमणाच्या काळातील हा चित्रपट. मूळचा मूक आणि अखेरीस ध्वनी जोडलेला. दुर्गाबाईंचे काम जेमतेम दहा मिनिटांचे होते आणि उर्वरित कथानकाची त्यांना पुरेशी कल्पनाही नव्हती. चित्रपट सामान्य आणि उथळ निघाला. एवढ्यावर भागले असते तर तो विसरलाही गेला असता. परंतु जाहिरातीत लाड यांची कन्या आणि खोटे यांची सून म्हणून त्यांचा गाजावाजा केला गेला. गिरगावातल्या समाजात त्यामुळे जी खळबळ उडाली, तिचे कारण पडद्यावरील दृश्ये एवढेच नव्हते. एका प्रतिष्ठित सॉलिसिटरचे आणि एका सधन घराण्याचे नाव तिकिटाच्या खिडकीवर विकावयास मांडले गेले, हे अधिक झोंबणारे होते.

या प्रसंगाचे विश्लेषण करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. निर्मात्याने विकत घेतले ते अभिनयकौशल्य नव्हते, कारण ते अद्याप सिद्ध झालेलेच नव्हते. त्याने विकत घेतले ते कुल. या पहिल्या व्यवहारात दुर्गाबाईंच्या मालकीचे असे काहीच नव्हते. माहेरचे नाव वडिलांचे, सासरचे नाव पतीचे. बदनामी मात्र सर्वस्वी त्यांच्या वाट्याला आली.

येथे एका रूढ विधानाचीही तपासणी करणे अगत्याचे आहे. चित्रपटात येणारी पहिली घरंदाज स्त्री, असा दुर्गाबाईंचा उल्लेख वारंवार केला जातो. ऐतिहासिक दृष्ट्या हे विधान टिकत नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढील काळातील कमलाबाई गोखले, यांनी अनुक्रमे पार्वती आणि मोहिनी या भूमिका केल्या होत्या. म्हणजे दुर्गा खोटे यांच्या आधी अठरा वर्षे मराठी स्त्रिया पडद्यावर आलेल्या होत्या. मग पहिलेपणाचा मान दुर्गाबाईंकडे का गेला? कारण कामत मायलेकी पोटासाठी नाटक-सिनेमात वावरणाऱ्या, तर दुर्गाबाई इंग्रजी शिक्षण घेतलेल्या सॉलिसिटरच्या कन्या. वस्तुतः पोटाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. पहिलेपणाची ही व्याख्या कालक्रमाने ठरलेली नसून वर्गाने ठरविलेली आहे, हे संशोधकाने विसरू नये.

३. तारामती : उभे राहण्याची रीत

‘फरेबी जाल’नंतर दुर्गाबाईंचा चित्रपटाशी संबंध तुटणे स्वाभाविक होते. तो तुटला नाही याचे श्रेय व्ही. शांताराम यांना द्यावे लागते. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटासाठी त्यांची तारामतीच्या भूमिकेकरिता निवड केली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. पार्श्वगायनाची पद्धत रूढ होण्यापूर्वीचा तो काळ असल्याने गाणीही दुर्गाबाईंनी स्वतःच गायिली.

तारामतीच्या कथेत राणीची दासी होते. राजवस्त्रे जातात, अलंकार जातात, अखेर पुत्रही हिरावला जातो. अशा भूमिकेत वेशभूषेचा आधार उत्तरोत्तर कमी होत जातो आणि नटीला केवळ आपल्या उभे राहण्यातून, मान धरण्यातून आणि बोलण्यातून पात्राचे मोठेपण टिकवावे लागते. दुर्गाबाईंच्या ठायी हे सामर्थ्य होते. ज्याला त्यांची शैली म्हणून पुढे ओळखले गेले, ती दागिने वा लुगड्याच्या तऱ्हेवर अवलंबून नव्हती. साध्या वस्त्रातही अबाधित राहणाऱ्या देहाच्या डौलात तिचे मर्म होते. ज्यांनी थोड्या काळापूर्वी नावे ठेवली त्याच समाजाने तारामतीला स्वीकारले. एका अर्थाने घरंदाजपणा येथे प्रथमच दुर्गाबाईंच्या कामी आला. आणि तो जाहिरातीतून नव्हे, अभिनयातून प्रकट झाला.

या घटनेचे मराठी रंगभूमीच्या इतिहासाशी असलेले नातेही पाहण्याजोगे आहे. तोपर्यंत मराठी स्त्रीच्या रूपाचा, नेसण्याचा आणि लाजण्याचा आदर्श एका पुरुषाने घालून दिलेला होता. बालगंधर्वांच्या वेशभूषेचे अनुकरण घराघरांतील स्त्रिया करीत होत्या. गोविंदराव टेंबे हे स्वतः गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. ज्यांच्या मंडळीत बालगंधर्व रुक्मिणी-भामिनी उभ्या करीत, त्याच टेंब्यांसमोर आता स्त्रीची भूमिका स्त्री करीत होती. कॅमेऱ्याची जवळीक पुरुषाच्या स्त्रीवेषाला मानवणारी नव्हती, हे लौकरच सिद्ध झाले. दुर्गाबाईंनी न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) या देवकी बोस दिग्दर्शित चित्रपटात मीरा साकारली. त्यानंतर चार वर्षांनी बालगंधर्वांनी बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटात मीराबाईची भूमिका केली, परंतु रंगभूमीवर त्यांच्या स्त्रीरूपावर लुब्ध असलेल्या प्रेक्षकांनी पडद्यावरील ते रूप फारसे स्वीकारले नाही. स्त्रीत्वाचा आदर्श पुरुष कलावंताकडून स्त्री कलावंताकडे गेला तो या चार-पाच वर्षांत.

४. पडद्यावरील स्त्रिया आणि घरातील स्त्री

दुर्गाबाईंच्या भूमिकांची यादी चाळताना एक विसंगती जाणवते. एकीकडे तारामती, सीता, मीरा या आदर्श स्त्रिया. दुसरीकडे ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मधील स्त्रीराज्याची राणी आणि ‘अमर ज्योती’ (१९३६) मधील सौदामिनी. देवकी बोस यांच्याच ‘सीता’ (१९३४) या चित्रपटात त्या सीता होत्या आणि पृथ्वीराज कपूर राम. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. ‘अमर ज्योती’तील सौदामिनीला आपल्या मुलाचा ताबा न्यायाने मिळत नाही, म्हणून ती सागरावरील चाच्यांची नायिका होते आणि पुरुषी सत्तेविरुद्ध सूड उगवते. कथा अद्भुतरम्य आहे. परंतु मुलांवरील आईच्या हक्काचा तीमधील प्रश्न त्या काळातील कुठल्याही परावलंबी सुनेच्या परिचयाचा होता. दोन मुलांसाठी घराबाहेर पडलेल्या अभिनेत्रीने तो प्रश्न पडद्यावर मांडावा, यात एक औचित्य आहे.

पुढील टप्प्यावर त्यांनी केलेली निवड अधिक धीट म्हणावी लागेल. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नायिकेची कारकीर्द आणखी लांबविणे शक्य असताना, आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) या चित्रपटात त्यांनी छळवादी सासू उभी केली. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘चरणों की दासी’ होय. पाठोपाठ विजय भट्ट यांच्या ‘भरत भेट’ (१९४२) मध्ये त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही भूमिकांसाठी बंगालमधील चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांचा गौरव केला. सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’ (१९४३) मधील मृणालवती ही तशीच कठोर, अहंकारी आणि आतून दुभंगलेली स्त्री. ज्या नटीला समाजाने सीता म्हणून पुनीत केले, तिनेच कैकेयी स्वीकारावी, याचा अर्थ ती आदर्शाच्या चौकटीत कोंडून घ्यावयास तयार नव्हती.

रंगभूमीवरही हीच प्रवृत्ती दिसते. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांत त्यांनी काम केले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) मधील लेडी मॅकबेथच्या वळणाची स्त्री या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. सत्तेसाठी पतीला पुढे ढकलणाऱ्या आणि त्या अपराधाच्या ओझ्याखाली मोडून जाणाऱ्या या स्त्रिया रंगविताना त्यांचा तोच डौल आता भयप्रद भासे. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

५. कमाईचे स्वातंत्र्य

दुर्गाबाईंच्या स्त्रीविषयक विचारांचा शोध त्यांच्या भाषणांत वा घोषणांत घेऊन हाती फारसे लागत नाही. तो व्यवहारात घ्यावा लागतो. कलावंतांनी एकाच कंपनीत मासिक पगारावर बांधून घेण्याच्या त्या काळात त्यांनी कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई अशा ठिकाणी वेगवेगळ्या संस्थांत काम केले. स्वतंत्रपणे करार करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. नटराज सिनेटोन या संस्थेद्वारे त्यांनी निर्मितीतही पाऊल टाकले. ‘सवंगडी’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘साथी’ हे त्याचे फलित. १९५२ मध्ये त्यांनी लघुपटांसाठी फॅक्ट फिल्म्स ही संस्था सुरू केली; तिच्यातूनच पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स उभी राहिली आणि लघुपट, जाहिरातपट व दूरदर्शन मालिका तयार झाल्या. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवर आधारलेली आणि १९८८ साली दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका याच संस्थेची निर्मिती होती.

या संस्थेच्या नावाकडे थोडे थांबून पाहणे उचित ठरेल. १९३१ मध्ये ज्या नावाचा वापर दुसऱ्याने जाहिरातीसाठी केला आणि ज्याच्या वापराने कुटुंबाला अपमान वाटला, तेच नाव पन्नासएक वर्षांनी एका संस्थेचे विश्वासार्ह चिन्ह झाले होते. मध्यंतरी दुर्गाबाईंनी मोहंमद रशीद यांच्याशी दुसरा विवाहही केला. परंतु पडद्यावर, करारपत्रावर आणि पुस्तकावर नाव राहिले ते दुर्गा खोटे हेच. येथे ते आता पतीच्या घराण्याचे आडनाव उरले नव्हते. स्वतःच्या श्रमाने कमावलेली ती मिळकत होती.

तथापि या मिळकतीची दुसरी बाजूही आहे. उत्तरकाळात हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना प्रामुख्याने आई, आजी आणि सासू यांच्याच भूमिका दिल्या. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई ही त्यांपैकी अविस्मरणीय. पती सम्राट आणि पुत्र बंडखोर अशा पेचात सापडलेली ही राणी, आणि सम्राटाच्या भूमिकेत पुन्हा पृथ्वीराज कपूर. ‘सीता’नंतर सव्वीस वर्षांनी. पुढे ‘बॉबी’ (१९७३) आणि ‘बिदाई’ (१९७४) या चित्रपटांतून त्या नव्या पिढीला परिचित झाल्या. ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. ज्या स्त्रीने गृहिणीपद सोडून आयुष्यभर कारखान्यासारख्या स्टुडिओत नोकरदाराप्रमाणे काम केले, तीच पडद्यावर गृहिणीच्या आदर्शाची प्रतिमा होऊन बसली. घरंदाज नावाने दार उघडले खरे. पण त्याच नावाने आतील खोलीही ठरवून टाकली.

वैयक्तिक आयुष्यातही आघात चुकले नाहीत. चिरंजीव हरीन यांचे अकाली निधन हा त्यांपैकी सर्वांत दारुण. अशा प्रसंगी आत्मचरित्रकाराची लेखणी एकतर पाझरते किंवा मिटते. दुर्गाबाईंच्या निवेदनाचे वळण यांपैकी कोणतेही नाही. त्यांच्या लेखनात दुःखानंतर लगेच काम येते. समीक्षकांना हा संयम कधी कोरडा वाटला. परंतु ज्या स्त्रीच्या आयुष्यात शोकासाठी सवड ही चैनीची गोष्ट होती, तिच्या गद्याची लय याहून वेगळी असती तर ती उसनी वाटली असती.

६. समारोप

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार असे सन्मान दुर्गाबाईंना लाभले. अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. शांता गोखले यांनी केलेला त्यांच्या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर अमराठी अभ्यासकांचेही लक्ष या ग्रंथाकडे वेधले गेले.

‘सांगत्ये ऐका’ आणि ‘मी, दुर्गा खोटे’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता वर मांडलेला प्रश्न अधिक स्पष्ट होतो. रतन साळगावकर ही मुलगी चित्रपटात येताना हंसा वाडकर झाली. तिच्या जन्मनावाला पडद्यावर जागा मिळाली नाही. दुर्गाबाईंच्या बाबतीत उलट घडले. पडद्याला त्यांच्याआधी त्यांची दोन्ही आडनावे हवी होती. गरज दोघींची एकच होती, श्रमही सारखेच होते. एकीच्या कबुलीला समाजाने धाडस म्हटले आणि दुसरीच्या मौनाला सभ्यता. हा भेद लेखिकांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या सामाजिक स्थानाने अधिक घडविला आहे. म्हणून दुर्गाबाईंचा संयम हा केवळ शैलीचा गुण मानून थांबता येत नाही. दोन घराण्यांचे ऋण डोक्यावर घेऊन बोलणाऱ्या स्त्रीला किती सांगता येते आणि किती गाळावे लागते, याचा तो लेख आहे. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासकाने हे पुस्तक वाचताना सांगितलेल्या गोष्टींइतकेच या गाळलेल्या जागांकडेही लक्ष द्यावे लागेल. आणि दुर्गाबाईंना पहिलेपणाचा मान देताना, ज्यांच्यापाशी जाहिरातीत छापण्याजोगे घराणे नव्हते अशा त्यांच्या पूर्वसूरी स्त्रियांची नोंदही त्याच पानावर करावी लागेल.